दोन शांता आणि त्यांची गाणी

नाटकातील पद आणि बोलपटातील गाणे यांत एक मोठा भेद आहे. नाटकातील पद त्या रात्रीपुरते असते. गायकनट दुसऱ्या रात्री तेच पद निराळ्या अंगाने गातो, आणि पहिल्या रात्रीच्या श्रोत्याजवळ त्या गाण्याची केवळ आठवण उरते. बोलपटातील गाणे मात्र एकदा फितीवर उमटले की त्यात पुढे तिळमात्र फरक पडत नाही. गाणाऱ्या बाईचे वय वाढते, आवाज थकतो, एके दिवशी ती स्वतःही जाते. परंतु फितीवरील मुलगी त्याच वयाची राहून तेच गाणे त्याच उत्साहाने गात राहते. रसिकांच्या स्मरणशक्तीला हे नवे साधन १९३१ साली लाभले. त्याने गाणे टिकविले यात शंका नाही. पण ज्या स्त्रियांनी ती गाणी गाइली त्यांच्या वाट्यास या टिकण्यातून काय आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारला नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या दोन नटींच्या चरित्रांकडे पाहिले असता त्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. दोघींचेही नाव शांता. एक शांता आपटे आणि दुसऱ्या शांता हुबळीकर.

त्या काळाची थोडी पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट प्रकाशित झाला, आणि पुढल्याच वर्षी प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. तोपर्यंत मराठी प्रेक्षकाने रंगभूमीवर ज्या नायिका पाहिल्या त्या बहुधा पुरुषांनी वठविलेल्या होत्या. बालगंधर्वांच्या शालूची आणि त्यांच्या चालण्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. परंतु स्वतः घरंदाज स्त्रीने चारचौघांसमोर उभे राहून गावे, ही कल्पना पांढरपेशा समाजास सहन होण्यासारखी नव्हती. ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे यांनी तारामतीची भूमिका केली तेव्हा त्या भिंतीला पहिले मोठे भगदाड पडले. त्यानंतर पाच-सात वर्षांतच अशी स्थिती आली की, पडद्यावरील मुलीचे गाणे घरातल्या मुली माजघरात बसून गुणगुणू लागल्या, आणि वडीलधारी माणसेही ते ऐकून न ऐकल्यासारखे करू लागली.

प्रभात कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरास झाली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. पुण्यात तिचे बहुतेक प्रमुख सामाजिक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकाच वेळी तयार होत. देखावे तेच, नट बहुधा तेच. एकदा मराठीत बोलावयाचे आणि लगेच हिंदीत. त्यामुळे ‘कुंकू’ची ‘दुनिया न माने’ झाली आणि ‘माणूस’चा ‘आदमी’ झाला. पुण्यातील स्टुडिओत गाइलेले गाणे लाहोर आणि कलकत्त्यापर्यंत जाऊन पोहोचले ते या व्यवस्थेमुळे. हिंदी चित्रपटांच्या जुन्या चाहत्यांच्या आठवणींत या दोन मराठी नटींना जे स्थान मिळाले त्याचे मूळही येथेच आहे.

गाणे पडद्यावरून घरापर्यंत कसे जाई, हेही पाहण्यासारखे आहे. चित्रगृहाच्या दाराशी गाण्यांची चोपडी एक-दोन आण्यांस मिळे. तीत कथासार आणि पदे छापलेली असत. ती चोपडी घरी येई, पाने सुटेपर्यंत हाताळली जाई, आणि सुटलेली पाने दोऱ्याने शिवून पुन्हा वापरली जात. ज्यांच्या घरी ग्रामोफोन असे ते ध्वनिमुद्रिका विकत घेत. लाखेच्या त्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्या वेळात गाणे बसले पाहिजे, म्हणून संगीतदिग्दर्शकाला आलापाची आणि तानांची फार काटकसर करावी लागे. खेड्यांची गोष्ट निराळी. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके घेतले तर तेथील भातसेच्या काठचे सापगाव किंवा त्यासारख्या इतर गावांतील माणसाला बोलपट पाहावयाचा म्हणजे तालुक्याच्या किंवा रेल्वेच्या गावाची वाट धरावी लागे, नाहीतर जत्रेची वाट पाहावी लागे. महाराष्ट्रात जत्रांतून फिरत्या सिनेमाचे तंबू उभे राहत, जमिनीवर बसून माणसे खेळ पाहत, आणि शहरात वर्षा-दोन वर्षांपूर्वी होऊन गेलेला चित्रपट तेथे नवा म्हणून गाजे. चोपडी, तबकडी आणि तंबू या तीन वाटांनी गाणे पसरले. नभोवाणीची चौथी वाट खेड्यांना पुष्कळ उशिरा लाभली.

आता पहिल्या शांताबाईंकडे वळू. शांता आपटे यांचा जन्म सोलापूरकडील दुधनी येथला. गाण्याचे शिक्षण त्यांना लहानपणीच मिळाले, आणि ‘श्यामसुंदर’ (१९३२) या चित्रपटात त्या बालवयातच पडद्यावर आल्या. प्रभातच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटाने त्यांचे नाव झाले. त्या काळी पडद्यावरील गाणे म्हणजे एक अवघड कसरत असे. ज्या क्षणी चित्रण त्याच क्षणी ध्वनिमुद्रण. वादक कुठेतरी झाडाआड किंवा पडद्याआड लपविलेले, ध्वनिग्राहक डोक्यावर टांगलेला. साहजिकच नटी एका जागी खिळून उभी राही, मान ताठ धरी, आणि गाणे संपल्यावर पुन्हा जिवंत होई. शांताबाई गाताना चालत, वळत, डोळ्यांनी आणि हातांनी बोलत. गाणे हे त्यांच्या बोलण्याचाच पुढला भाग वाटे. प्रेक्षकाला ही गोष्ट शब्दांत सांगता आली नसेल. पण तिची मोहिनी त्याच्यावर तत्काळ पडली. ‘अमरज्योती’ (१९३६) मध्ये मुख्य भूमिका दुर्गाबाईंची होती, तरी मास्तर कृष्णरावांच्या चालींवर शांताबाईंनी गाइलेली गाणी हिंदी मुलुखात घरोघर गेली.

त्यांच्या कीर्तीचा कळस मात्र १९३७ च्या ‘कुंकू’ने चढविला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हा चित्रपट घेतलेला आहे. मामाने फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा ही तिची नायिका. ती रडत बसत नाही. हे लग्न तिला मान्य नाही, आणि नवऱ्याच्या घरात राहूनही ती ते मान्य करीत नाही. छेड काढणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपते. शेवटी वृद्ध काकासाहेबांनाच आपल्या हातून घडलेल्या अन्यायाची जाणीव होते आणि ते आत्मनाश करून घेतात. केशवराव दात्यांनी ती भूमिका इतक्या समजुतीने केली आहे की, प्रेक्षकाला त्या म्हाताऱ्याचा राग येतो आणि कीवही येते.

या चित्रपटाच्या संगीतात केशवराव भोळे यांनी एक धाडस केले. कोठूनही न दिसणाऱ्या वाद्यवृंदाची साथ त्यांनी वर्ज्य केली. घरात, रस्त्यात जे आवाज खरोखर असतील तेवढेच ऐकू येतील, हा नियम. गाण्याला साथ हवी तर ती दृश्यातच कोठेतरी असली पाहिजे. ग्रामोफोनची तबकडी लावून तिच्या साथीवर नायिका गाते, ती याच कारणाने. अशा उघड्या जागेत गाणाऱ्याचा आवाज लपू शकत नाही. श्वास, शब्दांचे उच्चार, स्वरावरील पकड हे सारे श्रोत्यास स्पष्ट ऐकू येते. त्या कसोटीला शांताबाई पुरेपूर उतरल्या. लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही त्यांनी या चित्रपटात मूळ इंग्रजीतच गाइली. जीवन हे स्वप्न समजून निजून राहू नये, कर्म करीत पुढे जावे, असा त्या कवितेचा आशय आहे. सासुरवाडीच्या चार भिंतींत कोंडलेल्या मुलीच्या तोंडी ती कविता आली तेव्हा तिला निराळाच अर्थ आला. शांताबाईंच्या चाहत्यांनी पुढे कित्येक वर्षे त्यांची गाणी आठवली ती केवळ चालींसाठी आठवली नाहीत. अन्यायापुढे मान न वाकविणाऱ्या मुलीचा आवाज त्यांना त्या गाण्यांत ऐकू येत होता.

पडद्यावरचा हा आवाज पडद्याबाहेरही तसाच आहे, हे दोनच वर्षांत लोकांना कळून आले. ‘गोपालकृष्ण’ (१९३८) मध्ये राधेची भूमिका केल्यानंतर शांताबाईंचा आणि कंपनीचा करारासंबंधी वाद झाला, आणि १९३९ मध्ये त्या प्रभातच्या दाराशी उपोषणास बसल्या. सत्याग्रहाचे आणि उपोषणाचे शस्त्र त्या काळी देशात सर्वांच्या परिचयाचे होते. पण एका नटीने ते आपल्या पोटाच्या प्रश्नासाठी, आपल्या मालकाच्या दारात उचलावे, हे लोकांना नवीन होते. कोणी हसले, कोणी नाके मुरडली, कोणी कौतुक केले. लोकांचे लक्ष मुख्यतः त्या प्रसंगातील नाट्याकडे गेले. त्यातील प्रश्नाकडे फार थोड्यांचे गेले.

तो प्रश्न शांताबाईंनी पुढल्याच वर्षी लेखणीने मांडला. १९४० मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. नाव वाचून एखादीला वाटेल की यात चंदेरी दुनियेच्या गमती असतील. पुस्तकात आहे तो चित्रपटधंद्याचा हिशेब. भांडवल कोणाचे, श्रम कोणाचे, आणि नफा कोणाचा, अशी त्याची मांडणी आहे. लोक ज्याला कला म्हणून टाळ्या देतात तेथे नट हा पगारी नोकर असतो, त्याचे शरीर, आवाज आणि तारुण्य यांवर धंदा चालतो, आणि तो थकला की धंद्याचा त्याच्याशी संबंध उरत नाही, हे त्यात निर्भीडपणे सांगितले आहे. त्या काळच्या चित्रपटकंपन्यांत नटनटी महिन्याच्या पगारावर असत. चित्रपट पन्नास आठवडे चालो की पाच, तबकडीच्या हजार प्रती खपोत की लाख, त्या महिन्याचा पगार तेवढाच. मराठीत एखाद्या नटीने आपल्या धंद्याची अशी उलटतपासणी केल्याचे त्यापूर्वीचे उदाहरण शोधूनही सहज सापडणार नाही.

दुसऱ्या शांताबाईंची कहाणी याच सुमारास सुरू होते. हुबळीजवळच्या अदरगुंची या खेड्यात १४ एप्रिल १९१४ रोजी जन्मलेली राजम्मा नावाची मुलगी. तिची भाषा कानडी. नाटकमंडळीतून ती कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत आली, शांता हुबळीकर झाली, आणि १९३८ मध्ये ‘माझा मुलगा’ या प्रभातच्या चित्रपटात शाहू मोडक यांच्यासमवेत चमकली. पुढल्या वर्षी ‘माणूस’ आला, आणि त्याने त्यांचे नाव अजरामर केले.

‘माणूस’चा नायक गणपत हा साधा पोलीस शिपाई, भूमिका पुन्हा शाहू मोडकांचीच. छाप्याच्या रात्री तो मैना नावाच्या वेश्येला पकडावयाचे सोडून वाचवितो, तिच्यावर प्रेम करू लागतो, तिला घरी आईकडे नेतो. समाज तिला ‘माणूस’ म्हणून जगू देईल अशी आशा क्षणभर उत्पन्न होते. परंतु मैनेचा दुष्ट मामा तिचा पिच्छा सोडीत नाही; त्याचा तिच्या हातून वध होतो, आणि गणपतने मदतीचा हात पुढे केला असताही तो नाकारून ती तुरुंगाची वाट धरते. विफल प्रेमाने दारूच्या आहारी जाणाऱ्या ‘देवदास’ने (१९३५) सारा देश भारून टाकला होता. त्याला शांतारामबापूंनी दिलेले हे उत्तर होते.

मैना आपल्या कोठ्यावर जे गाणे म्हणते ते अनंत काणेकरांनी रचले आणि मास्तर कृष्णरावांनी त्याला चाल दिली. समोर निरनिराळ्या प्रांतांचे शौकीन बसले आहेत, म्हणून गाण्याची कडवीही निरनिराळ्या भाषांत जातात. उद्याची चिंता कशाला, आजचा दिवस आनंदात घालवावा, असा त्याचा वरवरचा भाव. वरवरचा अशासाठी की, जी स्त्री ते गाते तिला उद्या असा उरलेलाच नाही. बैठक संपली की तिच्याजवळ राहते ती भीती आणि एकांत. शांताबाईंनी हे दोन्ही थर एकाच आवाजात आणले. ठेक्याचा खोडकरपणा आणि डोळ्यांतील थकवा एकाच वेळी पडद्यावर दिसतो. कानडी आईची ही मुलगी मराठी शब्द थोड्या निराळ्या वळणाने उच्चारी. प्रेक्षकांनी ते वळणच लाडाने उचलले.

या दोन गाणाऱ्या नटींचा काळ मात्र फार थोडा होता, आणि त्याचे कारण यांत्रिक होते. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूपछाँव’ या चित्रपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित करून मग त्यावर ओठ हलविण्याची पद्धत आणली. ती स्थिरावण्यास आठ-दहा वर्षे लागली; पण एकदा स्थिरावल्यावर गाणाऱ्या नटीची निकड संपली. ज्याला गाता येईल त्याने गावे, ज्याला अभिनय येईल त्याने दिसावे. शांता आपटे यांनी या मधल्या काळात पुष्कळ मजल मारली. तामिळ शिकून त्यांनी मद्रासकडील ‘सावित्री’ (१९४१) या चित्रपटात नायिकेची भूमिका केली. त्यात नारदाच्या वेषात एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. लाहोरच्या ‘जमीनदार’मध्ये (१९४२) त्या झळकल्या. मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’ (१९४६) या चित्रपटात वसंत देसाई यांच्या संगीतदिग्दर्शनाखाली त्यांच्याबरोबर गावयास एक कोवळी मुलगी होती. तिचे नाव लता मंगेशकर. एक युग दुसऱ्याच्या हाती सूत्रे देत असल्याचा तो क्षण होता. त्या दिवशी स्टुडिओतील कोणालाही त्याची कल्पना नसेल.

नव्या पद्धतीत गाणारीचे नावच प्रथम हरपले. १९४९ च्या ‘महल’मधील ज्या गाण्याने लताबाई देशभर गाजल्या त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. म्हणजे चित्रपटातील पात्राचे. प्रभातच्या दोन्ही शांताबाईंचा चेहरा आणि आवाज एकच असल्याने त्यांचे नाव असे लपले नाही. त्यांच्यावर निराळीच आपत्ती आली. त्यांचा काळ सरला, आणि त्यांचे गाणे मात्र त्यांच्यावाचून पुढे चालू लागले.

ते चालू राहिले यात रसिकांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने हिंदी चित्रपटगीते आपल्या कार्यक्रमांतून जवळजवळ हद्दपार केली, तेव्हा श्रोत्यांनी आपल्या रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीत पुन्हा घरी आले. रेडिओ सिलोनवर रोज सकाळी जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागे. १९३० ते १९५० या काळातील गाणी तेथे नेमाने ऐकणारा एक वर्गच देशात तयार झाला. पत्रे लिहून फर्माइश करावी, गाण्याचा क्रम, चित्रपटाचे नाव, साल वहीत टिपून ठेवावे, असा त्यांचा नित्यक्रम. अशाच श्रोत्यांपैकी कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी चोपड्या, तबकड्या आणि जाहिराती धुंडाळून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला. १९३१ ते १९४० या दशकाचा खंड १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यास १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि जुन्या फिती जतन होऊ लागल्या. १९९० मध्ये मुंबईस तबकड्यांच्या संग्राहकांनी आपली संस्था काढली. कारकून, शिक्षक, रेल्वेतील नोकर अशा सामान्य माणसांनी पदरमोड करून, जुन्या बाजारात हिंडून ज्या तबकड्या वाचविल्या त्या आज आपल्याला ऐकावयास मिळतात.

एवढे सारे होत असताना त्या दोन स्त्रिया कोठे होत्या? शांता आपटे यांचे देहावसान २४ फेब्रुवारी १९६४ रोजी झाले. गीतकोश, संग्राहकांची संस्था, जुन्या चित्रपटांचे महोत्सव यांपैकी काहीही पाहण्यास त्या उरल्या नाहीत. शांता हुबळीकर यांनी ‘माणूस’नंतर काही चित्रपटांतून कामे केली, १९४२ मध्ये ‘पहिला पाळणा’ आणि गुब्बी वीरण्णांच्या कंपनीचा कानडी ‘जीवन नाटक’ यांत त्या दिसल्या. पुढे संसारात कामे विरळ होत गेली, आणि हळूहळू नावही विरळ झाले. उतारवयात त्या वसईच्या महिलाश्रमात येऊन राहिल्या. वसई त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निराळा झाल्यावर ती त्यात गेली. ज्या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत जत्रेतल्या तंबूंनी बोलपटाचे गाणे नेले, त्याच जिल्ह्याच्या एका टोकाला ते गाणे गाणारी बाई निराधार वृद्धांच्या पंगतीला बसत होती. नभोवाणीवर गाणे लागत होते, लोक त्यावर मान डोलवीत होते. गाणारी हयात आहे की नाही याची चौकशी करावी असे मात्र फार थोड्यांच्या मनात आले.

याचा दोष एखाद्या व्यक्तीवर किंवा कंपनीवर ढकलून मोकळे होता येणार नाही. व्यवस्थाच तशी होती. फीत कंपनीच्या मालकीची, तबकडी ग्रामोफोनवाल्यांच्या मालकीची, कविता आणि चाल यांचेही हक्क बहुधा विकलेले. गाणारीचा त्या गाण्यावर कायद्याने कोणताच हक्क नव्हता. कलावंताला आपल्या सादरीकरणावर काही हक्क असतो ही गोष्ट भारतीय कायद्यात प्रथम आली ती १९९४ च्या दुरुस्तीने. आणि गाणाऱ्याला गाण्याच्या कमाईतील वाटा मागता यावा अशी तरतूद २०१२ मध्ये झाली. १९४० मध्ये शांता आपटे यांनी जो हिशेब मांडला त्याची दखल घेण्यास कायद्याला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तोवर ज्यांचा तो हिशेब होता त्यांपैकी बहुतेक काळाच्या पडद्याआड गेल्या होत्या.

शांताबाई हुबळीकरांचे आत्मचरित्र १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘कशाला उद्याची बात’. आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचेच नाव त्यांनी आपल्या आयुष्याला दिले. ऐन पंचविशीत कोठ्यावरील मैनेच्या तोंडी जी गोष्ट अभिनयाची होती ती पंचाहत्तरीनंतर स्वतःच्या तोंडी आली, तेव्हा त्यात अभिनय उरला नव्हता. लहानपणीचे पोरकेपण, नाटककंपनीतील दिवस, प्रभातचे वैभव आणि नंतरचा एकटेपणा या साऱ्यांवर तेच शब्द बसतात. १७ जुलै १९९२ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. ज्या शहराने त्यांना कीर्ती दिली तेथेच त्यांचा शेवट झाला.

दोघींची तुलना केली तर एक गोष्ट नजरेत भरते. एकीचे नाव तिच्या बंडखोरीमुळे इतिहासात राहिले. दुसरीचे नाव तिच्या गाण्याच्या आश्रयाने राहिले. पण दोघींनीही शेवटी लेखणी हाती घेतली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाणे आपल्याला पुरेसे सांगू शकत नाही, आपली बाजू आपणच लिहिली पाहिजे, असे दोघींनाही वाटले. रसिकांनी गाण्यांच्या चोपड्या जितक्या जपल्या तितकी ही दोन पुस्तके जपली असे मात्र म्हणता येत नाही.

जुन्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही. मैफली भरतात, जयंत्या होतात, पडद्यावर ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ पुन्हा दाखविले जातात, आणि तरुण मुली ती गाणी हौसेने बसवितात. या प्रेमाला थोडी जोड द्यावी. गाणे लावताना गाणारीचे नाव घ्यावे. मुलांना गाणे शिकविताना ती कोण होती, कोठून आली आणि तिचे पुढे काय झाले हेही सांगावे. आणि आज जी माणसे आपल्यासाठी गात आहेत, वाजवीत आहेत, पडद्यामागे राबत आहेत, त्यांची विचारपूस ती हयात असतानाच करावी. दोन्ही शांताबाईंचे ऋण त्यांना फेडता येण्याची वेळ निघून गेली आहे. त्यांच्यासारख्या इतरांच्या बाबतीत ती अजून गेलेली नाही.